शर्यतीचे खेळ आणि रस्त्यावरील वर्तन



गेल्या हिवाळ्यात आपल्या पारनेर तालुक्यातील एका लहान शाळेच्या भेटीस गेलो असता मधल्या सुटीत एक प्रसंग पाहावयास मिळाला. शाळेच्या ओट्यावर सहा-सात मुले एका मोबाइलभोवती दाटीवाटीने बसली होती. डबा घेऊन आलेल्या कोणा थोरल्या भावाचा तो मोबाइल होता. पडद्यावर एक मोटारसायकल भरधाव धावत होती व समोरून येणारी वाहने चुकवीत होती. मी जवळ जाऊन विचारले, "बाळ, ह्या खेळात ब्रेक कोठे आहे?" मुलगा पडद्यावरून दृष्टी न काढता म्हणाला, "सर, ब्रेक लागतच नाही." "मग समोरून ट्रक आला तर?" "धडक बसते. मग परत पहिल्यापासून चालू."

त्याच दिवशी सायंकाळी परतत असताना गावाबाहेरच्या वळणावर एक मोटारसायकल आमच्या गाडीस मागे टाकून पुढे गेली. दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या अडकविलेल्या होत्या आणि चालविणारा मुलगा फार तर बारा-तेरा वर्षांचा होता. त्याचे पाय जमिनीस पुरते टेकत नसावेत. डेअरीची वेळ गाठावयाची म्हणून तो घाईत होता.

ह्या दोन दृश्यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घोळत राहिला. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अनेक शिक्षक हाच प्रश्न विचारतात. पालकसभेत तर त्याचे उत्तर ठरलेलेच असते: "मोबाइलने पोरे बिघडविली." उलटपक्षी काही तरुण शिक्षक म्हणतात, "आम्हीही लहानपणी असे खेळ खेळलो, आम्हांस काही झाले नाही." दोन्ही उत्तरे घाईची आहेत. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा व त्यातून आपल्या शाळेत करता येण्याजोगे काय निघते ते पाहावे, असा हेतू आहे.

प्रश्न जुना आहे

शर्यतीची आवड मोबाइलने निर्माण केलेली नाही. आपल्या भागात यात्रेच्या दिवशी बैलगाड्यांच्या शर्यती पाहावयास माणसे लोटतात. मध्यंतरी बंद पडलेल्या ह्या शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशाने पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ च्या निकालाने त्यांस कायम मान्यता मिळाली. आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी सायकलचा जुना टायर काठीने पळविला आहे, तोंडाने गाडीचा आवाज काढला आहे आणि गावच्या उतारावर एकमेकांशी चुरस केली आहे. वेगाचा आनंद हा बालमनाचा स्वाभाविक आनंद आहे. त्याची चीड धरण्याचे कारण नाही.

यंत्रावरील शर्यतीच्या खेळांविषयीची चिंतादेखील आजची नव्हे. अमेरिकेत १९७६ साली 'डेथ रेस' नावाचा खेळ निघाला. त्यात मोटारीने पडद्यावरील आकृत्यांस चिरडावयाचे असे, आणि त्यावरून त्या देशात मोठा गदारोळ झाला. १९९१ साली 'रोड रॅश' आला. पुढे आपल्या शहरांतील संगणक केंद्रांमधून तो पुष्कळ खेळला गेला. आज जे शिक्षक चाळिशीत आहेत त्यांपैकी काहींना तो आठवत असेल. मोटारसायकल पळविता पळविता शेजारच्या स्वारास लाथ मारून पाडावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. आज आपल्या मुलांच्या मोबाइलवर 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी' यांसारखे खेळ दिसतात. त्यांतील गाड्या आपल्याच रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांसारख्या असल्यामुळे मुलांस ते अधिक जवळचे वाटतात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. खेड्यातील लहान मुलाच्या हाती मोबाइल आला तो बव्हंशी २०२० च्या टाळेबंदीनंतर. शाळा बंद होत्या, अभ्यास मोबाइलवरून पाठवावयाचा होता, आणि "मुलासाठी एक चांगला मोबाइल घ्या" असे पालकांस सांगणारे आपणच होतो. कित्येकांनी कर्ज काढून, शेळी विकून तो घेतला. तेव्हा मोबाइलला दोष देऊन आपण बाजूस होणे शोभणारे नाही.

संशोधन काय सांगते

ह्या विषयावर परदेशांत बऱ्यापैकी अभ्यास झाला आहे. जर्मनीतील पीटर फिशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रथम त्यांनी केवळ पाहणी केली. जे लोक शर्यतीचे खेळ अधिक खेळतात ते प्रत्यक्ष रस्त्यावरही अधिक चुरशीने गाडी चालवितात आणि त्यांचे अपघात अधिक होतात, असे लोकांच्या उत्तरांवरून आढळले.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्या दिवशी बाजारात छत्र्या अधिक दिसतात त्याच दिवशी ओढ्यास पाणी येते. म्हणून छत्र्यांमुळे ओढ्यास पाणी आले असे कोणी म्हणत नाही. दोहोंचे कारण पाऊस आहे. त्याचप्रमाणे ज्याच्या अंगी मुळातच वेगाची व धाडसाची ओढ आहे तो तसा खेळही निवडील आणि गाडीही तशीच चालवील. येथे स्वभाव हा पाऊस, आणि खेळ ही छत्री असू शकेल.

ही शंका ओळखूनच त्या संशोधकांनी पुढचा प्रयोग केला. त्यांनी स्वतःच गट पाडले. एका गटास शर्यतीचा खेळ दिला, दुसऱ्यास साधा खेळ दिला. ह्या पद्धतीत स्वभावाचा फरक दोन्ही गटांत सारखाच वाटला जातो. नंतर संगणकावर रहदारीतील धोक्याचे प्रसंग दाखवून कोण किती धोका पत्करतो हे मोजले. शर्यतीचा खेळ खेळलेल्या पुरुषांनी अधिक धोका पत्करला. म्हणजे निदान थोड्या वेळापुरता तरी खेळाचा स्वतंत्र परिणाम होतो, असे मानण्यास आधार मिळाला. २००९ साली ह्याच संशोधकांनी असेही दाखविले की, जे खेळ नियम मोडल्याबद्दल बक्षीस देतात ते खेळल्यावर माणसाची स्वतःविषयीची कल्पना बदलते. "मी बेदरकार चालविणारा आहे" असे तो स्वतःस समजू लागतो, आणि धोका पत्करण्याची प्रवृत्ती वाढण्याचे ते एक कारण असते.

ह्या प्रयोगांतील परिणाम खेळानंतर लगेच मोजलेला होता. तो टिकतो काय, हा पुढचा प्रश्न. बेल्जियममधील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५४ किशोरवयीन मुलामुलींस दोन वेळा प्रश्न विचारले. पहिल्यांदा परवाना मिळण्यापूर्वी आणि दुसऱ्यांदा तो मिळाल्यानंतर. मुलांच्या आक्रमकतेचा व थरारप्रियतेचा वेगळा हिशेब करूनही, बेफाम वाहन हाकण्याचे खेळ आधी अधिक खेळलेल्यांची पुढे धोक्याने गाडी चालविण्याकडे अधिक प्रवृत्ती आढळली. अमेरिकेतील डार्टमथ येथील संशोधकांनी हजारो किशोरांस काही वर्षे पुन्हापुन्हा दूरध्वनीवरून प्रश्न विचारून २०१२ साली असाच निष्कर्ष मांडला.

ह्या निष्कर्षांचे वजन नीट करावयास हवे. परिणाम आहे, परंतु तो मोठा नाही. शर्यतीचा खेळ खेळणारा प्रत्येक मुलगा बेफाम होतो असे कोणीच म्हटलेले नाही. बहुतेक अभ्यासांत प्रत्यक्ष रस्त्यावरचे वर्तन मोजलेले नसून लोकांनी स्वतःविषयी सांगितलेले किंवा संगणकासमोर केलेले वर्तन मोजले आहे. शिवाय तेथील मुले परवाना मिळवून मोटारगाडी चालवितात. आपल्याकडे प्रश्न आहे तो परवान्याच्या वयापूर्वीच हाती आलेल्या दुचाकीचा. म्हणून "खेळामुळेच अपघात होतात" असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, आणि "खेळाचा काहीच परिणाम नाही" असे म्हणणेही खरे ठरणार नाही.

आपल्या शास्त्रातील एक जुना नियम

अध्यापक विद्यालयात आपण सर्वांनी अध्ययनाच्या संक्रमणाचा धडा वाचला आहे. थॉर्नडाइक व वुडवर्थ यांनी १९०१ साली एक साधा प्रयोग केला. माणसांस आयताच्या क्षेत्रफळाचा अंदाज करण्याचा सराव दिला आणि मग निराळ्या आकाराच्या व मापाच्या आकृत्यांचा अंदाज करावयास लावले. सरावाचा लाभ फारसा पुढे गेला नाही. त्यावरून त्यांनी असे प्रतिपादन केले की, एका ठिकाणचे शिक्षण दुसऱ्या ठिकाणी जाते ते दोहोंतील समान घटकांपुरतेच.

हा नियम आपल्या प्रश्नास लावून पाहू. मोबाइलवरील खेळ आणि खरी मोटारसायकल यांत समान काय आहे? समोरचा रस्ता आहे. अडथळा दिसताच हात वळविणे आहे. फट दिसताच तीत शिरण्याचा निर्णय आहे. "मी पुढे गेलो" हा आनंद आहे. हे घटक संक्रमित होऊ शकतील.

आणि असमान काय आहे? खऱ्या गाडीचे वजन खेळात नाही. वळणावर पसरलेली वाळू नाही. दुपारच्या उन्हाची तिरीप, मध्येच येणारी शेळी, शेतातून रस्त्यावर चढणारा ट्रॅक्टर नाही. वाऱ्याचा मारा व पोटातील भीती नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धडकेचा परिणाम नाही. टायर पळविताना मुलगा पडला तर त्याचा गुडघा सोलवटत असे, आणि तो गुडघाच त्यास पुढच्या वेळी सावध करीत असे. जुन्या खेळात शिकविणारे दुःख खेळातच होते. मोबाइलच्या खेळात ते काढून टाकले आहे. म्हणून खेळातून धाडस तेवढे येते. ज्या भीतीने धाडसास लगाम बसतो ती येत नाही. ओट्यावरच्या त्या मुलाने "मग परत पहिल्यापासून" असे जे म्हटले त्यात ह्या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे.

दुसरी बाजू

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, अशा खेळांपासून काही लाभही होतो. शांघाय येथील संशोधकांनी २०१६ साली दाखविले की, काही तास वाहनाचे खेळ खेळलेल्या नवख्या माणसांचा डोळा व हात यांचा मेळ सुधारला आणि संगणकावरील चाचणीत ते गाडी अधिक चांगली सांभाळू शकले.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे निसान ह्या मोटार कंपनीने २००८ पासून 'ग्रॅन टुरिस्मो' ह्या खेळातील निष्णात खेळाडू निवडून त्यांतून खरे शर्यतपटू तयार करण्याचा उपक्रम चालविला. यान मार्डेनबरो हा ब्रिटिश तरुण २०११ साली त्यातून निवडला गेला आणि २०१३ साली फ्रान्समधील ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळविला. त्याच्यावर २०२३ साली चित्रपटही निघाला. आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे उदाहरण पुढे करील, तेव्हा उत्तर ठाऊक असावे. निवड झाल्यानंतर ह्या तरुणांस खऱ्या गाडीवर, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली कसून शिक्षण देण्यात आले. ते बंद मार्गावर, शिरस्त्राण व संरक्षक वेष घालून धावतात. इतके असूनही २०१५ साली जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे मार्डेनबरोची गाडी हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एक प्रेक्षक मृत्यू पावला. खेळाच्या पडद्यावर त्या प्रेक्षकास पुन्हा उठविता आले असते.

थोडक्यात, खेळ हात तयार करू शकतो. विवेक तयार करण्यास दुसराच गुरू लागतो.

तो दुसरा गुरू कोण?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात भरधाव मोटारीने एका दुचाकीस धडक दिली आणि संगणक क्षेत्रात काम करणारे दोन तरुण अभियंते, एक युवक व एक युवती, जागच्या जागी गतप्राण झाले. मोटार एक सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप आहे. त्यास बाल न्याय मंडळाने प्रथम जामीन दिला तेव्हा रस्ते-अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, आणि त्या निबंधावरून देशभर संताप उसळला.

ह्या घटनेशी कोणत्याही खेळाचा संबंध जोडलेला नाही, आणि आपणही जोडू नये. तिच्यात आपल्यासाठी निराळा बोध आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन येते ते पडद्यातून येत नाही, घरातून येते. किल्ली कोणीतरी वडीलधाऱ्याची असते.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. इतकी वर्षे ती मी सभेत सांगितलेली नाही. सुमारे सत्तावीस वर्षांपूर्वी मी सातवीच्या वर्गास शिकवीत होतो. एका माहितीच्या तक्त्याची मुदत त्याच दिवशी संपत होती व तो शेजारच्या गावी केंद्रशाळेत पोचवावयाचा होता. मला वर्ग सोडता येईना. वर्गातील एक चुणचुणीत मुलगा घरची मोपेड चालवीत असे हे मला ठाऊक होते. मी माझ्या मोपेडची किल्ली त्याच्या हाती दिली आणि म्हणालो, "सावकाश जा, पण अकराच्या आत पोचव." हे वाक्य उच्चारताना त्यातील विसंगती माझ्या ध्यानी आली नाही. फरशी पुलाच्या अलीकडच्या वळणावर वाळू होती. मुलगा पडला व त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. पाय जुळला, परंतु तो आजही किंचित लंगडत चालतो. त्याचा मुलगा आता त्याच शाळेत आहे. पालकसभेस गेलो की तो पुढे येऊन "नमस्कार, गुरुजी" म्हणतो. त्याने मला कधी दोष दिला नाही.

त्या गावात तेव्हा व्हिडिओ खेळ कोणी पाहिलादेखील नव्हता. त्या मुलास वेग शिकविला तो पडद्याने शिकविला नव्हता. "अकराच्या आत" ह्या माझ्या दोन शब्दांनी तो शिकविला होता.

अल्बर्ट बांदुरा यांनी १९६१ साली बाहुलीचे जे प्रयोग केले ते आपल्या परिचयाचे आहेत. मोठ्या माणसाने बाहुलीस मारलेले पाहून मुलांनीही तसेच केले. मूल उपदेशाहून अनुकरणाने अधिक शिकते, हे आपण रोज वर्गात सांगतो. मग वडील शिरस्त्राण गाडीच्या आरशास अडकवून ठेवीत असतील, गुरुजी एका हाताने मोबाइल कानास लावून शाळेत येत असतील, आणि आई "चटकन दूध घालून ये" म्हणून बारा वर्षांच्या मुलास गाडीवर बसवीत असेल, तर मुलाने नियम कोठून शिकावा? खेळ त्याच्या मनात ठिणगी टाकील कदाचित. परंतु सरपण आपण रचून ठेवलेले असते.

येथे पालकांची अडचणही समजून घेतली पाहिजे. वस्तीवरून डेअरी दूर असते, घरात माणूस कमी असतो, आणि दुधाची वेळ कोणासाठी थांबत नाही. मुलगा हौसेने गाडी काढतो असे नव्हे. पुष्कळदा तो कामाने काढतो. म्हणून केवळ रागावून हा प्रश्न सुटणार नाही.

कायद्याने काय सांगितले आहे

पालकसभेत सांगता यावे म्हणून कायद्याची स्थिती येथे देत आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक जागी मोटार वाहन चालविण्यास किमान वय १८ वर्षे आहे. ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल १६ वर्षांनंतर चालविता येते. पण त्यासाठीही परवाना लागतो. आज घरोघरी असलेल्या बहुतेक मोटारसायकली ह्या मर्यादेच्या कितीतरी वरच्या आहेत.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९ (अ) आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. ही शेवटची तरतूद पालकांस अवश्य सांगावी. मुलास पुढे चालकाची किंवा वाहनावरची नोकरी करावयाची असेल तर आजची दुधाची फेरी त्याची उमेदीची वर्षे खाऊन टाकील.

प्रश्न किती मोठा आहे हे एका आकड्यावरून कळेल. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दररोज सुमारे ४६२. त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदलेले आहेत. आपल्या तालुक्यातून नगर-पुणे आणि नगर-कल्याण असे दोन मोठे रस्ते जातात. सुपे, भाळवणी, टाकळी ढोकेश्वर येथील मुलांस ते रोज ओलांडावे लागतात. हा आपल्यासाठी दूरचा विषय नाही.

शाळेत काय करता येईल

पहिली गोष्ट, खेळाविषयी मुलांशी मोकळेपणाने बोलावे. "मोबाइल हातात दिसता कामा नये" असे दरडावल्याने खेळ थांबत नाही, लपतो. त्यापेक्षा "ह्या खेळात आणि खऱ्या रस्त्यात काय काय निराळे आहे?" असे विचारून मुलांकडूनच फळ्यावर यादी करून घ्यावी. मी दोन शाळांत हे करून पाहिले. "खेळात आई वाट पाहत नाही," असे चौथीतील एका मुलीने सांगितले. इतके नेमके उत्तर मला सुचले नसते.

दुसरी गोष्ट, खेळाखेळांत भेद करावा. नुसती शर्यत असलेला खेळ निराळा. नियम मोडल्याबद्दल, माणसे उडविल्याबद्दल गुण देणारा खेळ निराळा. वर सांगितलेल्या संशोधनाचा रोख ह्या दुसऱ्या प्रकारावर आहे. सरसकट बंदी सांगण्याऐवजी हा भेद पालकांस समजावून द्यावा, म्हणजे त्यांस तो पाळताही येईल.

तिसरी गोष्ट, थांबण्याचे अंतर मैदानावर मोजून दाखवावे. पाचवी ते सातवीच्या मुलांस हे गणित सहज समजते. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारे ८ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेक चांगले असल्यास, पुढे सुमारे ५ मीटर लागतात. एकूण १३ मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगात पहिल्या सेकंदात १७ मीटर व ब्रेकनंतर सुमारे २० मीटर, एकूण ३७ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला; ब्रेकनंतरचे अंतर चौपट झाले. वाळू किंवा ओल असल्यास ते आणखी वाढते. मैदानावर फक्कीने १३ व ३७ मीटरच्या रेषा आखाव्यात. मुलांस आरंभाच्या रेषेवर उभे करून दोन्ही रेषांकडे पाहावयास लावावे. मैदान अपुरे पडल्यास शाळेच्या कुंपणालगत मोजावे. ३७ मीटर मैदानात मावत नाहीत हे पाहणे हाच एक धडा आहे.

चौथी गोष्ट, पालकसभेत व शाळा व्यवस्थापन समितीत दुधाच्या फेरीचा विषय काढावा. एका वस्तीवरील चार घरांचे दूध एका मोठ्या माणसाने आळीपाळीने नेणे बहुतेक ठिकाणी शक्य आहे. ही योजना शाळेने आखावयाची नाही. परंतु विषय काढण्याचा अधिकार व मान गावात शिक्षकास अजून आहे. त्याचा उपयोग करावा.

पाचवी गोष्ट आपल्या स्वतःपुरती आहे. शाळेच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे. कोणत्याही कामासाठी, कितीही घाई असली तरी, विद्यार्थ्यास वाहनावर पाठवू नये. तक्ता उशिरा पोचला तर चालेल. त्याबद्दल कोणी जाब विचारलाच तर तो मजकडे पाठवावा.

समारोप

शर्यतीच्या खेळाचा प्रत्यक्ष वाहन चालविण्यावर परिणाम होतो काय, ह्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: होतो, परंतु थोडा, नियमभंगास बक्षीस देणाऱ्या खेळांचा अधिक, आणि ज्या घरात व गावात वडीलधाऱ्यांचे वर्तन त्यास पोषक असते तेथे तो परिणाम वाढण्याचे भय विशेष. खेळ सर्वस्वी आपल्या हाती नाही. आपले वर्तन मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

शेवटी निबंधाविषयी एक विनंती. पुण्यातील त्या घटनेनंतर निबंधाची पुष्कळ थट्टा झाली. शिक्षा म्हणून, आणि तीही दोन जीव गेल्यानंतर, लिहिलेल्या निबंधास अर्थ नाही हे खरे आहे. परंतु निबंध हे आपले साधन आहे, आणि वेळेवर वापरले तर ते निकामी नाही. येत्या महिन्यात पाचवी ते सातवीच्या मुलांकडून "आमच्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता" ह्या विषयावर एक पान लिहून घ्यावे. कोठे वळण आंधळे आहे, कोठे वाळू साचते, कोणाची गाडी जोरात येते, हे मुलांस आपल्याहून अधिक ठाऊक असते. ती पाने वाचून त्यांतील धोक्याच्या जागा ग्रामपंचायतीस लेखी कळवाव्यात, आणि एक प्रत पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे पाठवावी. मी ती प्रत्येक वाचीन.